नजर पाहुण्यावर ठेवा: मोरकम आणि वाइज पहिल्यांदा पाहणाऱ्यांसाठी

मोरकम आणि वाइज ही ब्रिटिश टीव्हीवरची विनोदी जोडी. आधी नाव नीट म्हणू. इंग्रजी अक्षरं पाहून कुणीही 'मोरकॅम्बे' म्हणेल, पण उच्चार आहे 'मोरकम'. इंग्लंडच्या लँकेशरमधलं समुद्रकाठचं गाव. जॉन एरिक बार्थोलोम्यू हा तिथला, आणि रंगमंचावर त्याने गावाचंच नाव आडनाव म्हणून लावलं. आपण 'कर' लावून जे करतो ते त्याने 'कर' न लावता केलं. जोडीदार अर्नी वाइज लीड्सचा, मूळचा वाइजमन. पोरवयातच जोडी जमली आणि १९८४ मध्ये एरिक गेला तेव्हाच तुटली.

मधली दहा वर्षं, म्हणजे १९६८ ते १९७७, त्यांचा कार्यक्रम बीबीसीवर होता. नवख्या माणसाने तीच पाहावीत. हे दोघं विनोदी होते हे सांगायला माझी गरज नाही. मला सांगायचंय ते वेगळं: पाहताना नजर एरिकवर नको, पाहुण्यावर ठेवा. एरिक तुमचं लक्ष खेचून घेणारच, चष्मा वाकडा करेल, कॅमेऱ्याकडे बघेल. तरी डोळे ओढून पाहुण्याकडे न्या. इथला पाहुणा गाणं म्हणून, हात हलवून निघून जात नाही. देशातल्या मोठ्यात मोठ्या नटीला, संगीतकाराला बोलवायचं, तिचा किंवा त्याचा मान चारचौघांत उतरवायचा, आणि त्यांनी तो अगदी गंभीर चेहऱ्याने उतरवू द्यायचा, असा हा सौदा. सौदा कोण किती निभावतो ते बघण्यात खरी मजा आहे.

पहिली पायरी: एका भागाची घडण समजून घ्या

भाग साधारण पाऊण तासाचा, नाताळचा असेल तर तासाहून मोठा. सुरुवातीला दोघं पडद्यापुढे उभे राहून बोलतात. तमाशा पाहिलेल्या माणसाला हे ओळखीचं वाटेल: ही सरळसरळ बतावणी. मग एखादं गाणं, मग दोघांच्या फ्लॅटमधला किंवा एकाच पलंगावरचा प्रवेश, आणि शेवटी बतावणीनंतर वग लागावा तसं अर्नीचं नाटक. मोठा पाहुणा बहुतेक वेळा या नाटकात असतो.

'अर्नीचं नाटक' हे प्रकरण जरा समजावून घ्यायला हवं. १९६९ पासून त्यांच्यासाठी एडी ब्रेबन लिहू लागला. हा लिव्हरपूलचा, एकेकाळी बाजारात भाजी-फळं विकलेला माणूस. तोपर्यंत अर्नी हा नुसता सरळ बोलणारा जोडीदार होता. ब्रेबनने त्याला नवा स्वभाव दिला: स्वतःला थोर नाटककार समजणारा, कंजूस, फुशारक्या मारणारा. हा अर्नी आपल्या नाटकाची जी ओळख करून देतो तिचं इंग्रजी व्याकरणच चुकलेलं असतं. मराठीत आणायचं तर 'माझ्यानं लिवल्यालं नाटक' म्हणा. यात बोलीची टिंगल नाही. साहित्यिक म्हणून मिरवणारा माणूस पहिल्याच वाक्यात घसरतो, ही गंमत आहे. आणि असं नाटक करायला येतात कोण? डायना रिग, व्हनेसा रेडग्रेव्ह, ग्लेंडा जॅक्सन. शेक्सपिअर कोळून प्यायलेल्या बायका.

दुसरी पायरी: सुरुवात १९७१ च्या नाताळापासून करा

क्रमाने पहिल्या भागापासून पाहायचा हट्ट सोडा. तसंही १९६८ च्या पहिल्या मालिकेतले बरेच भाग आज नाहीत. त्या काळी टेप महाग होत्या, बीबीसी त्या पुसून पुन्हा वापरायची. १९७० मधला एक हरवलेला भाग अलीकडे, २०२० मध्ये, एरिकच्या मुलाला घराच्या माळ्यावर मिळाला. म्हणून सरळ २५ डिसेंबर १९७१ चा भाग काढा, आणि त्यातला आंद्रे प्रिव्हिनचा प्रवेश.

त्याआधी एक छोटा गृहपाठ. नॉर्वेचा संगीतकार ग्रिग याच्या पियानो कन्चेर्टोची, म्हणजे पियानो आणि वाद्यवृंदासाठीच्या रचनेची, सुरुवात ऐका. अर्धा मिनिट पुरे. नगाऱ्यासारखा घुमत चढत जाणारा आवाज, आणि त्यावर पियानोचे सूर जिन्यावरून धडाधड उतरल्यासारखे कोसळतात. हे कानात नसेल तर पुढचा निम्मा विनोद वाया जाईल. माझा पहिल्या वेळी गेला.

प्रिव्हिन तेव्हा लंडन सिम्फनी ऑर्केस्ट्राचा प्रमुख कंडक्टर, वाद्यवृंदाला हाताच्या इशाऱ्यांनी वाजवून घेणारा. म्हणजे गंमत म्हणून पकडून आणलेला कुणी हौशी माणूस नव्हे. आई आजारी असल्यामुळे त्याला तालमी सोडून अमेरिकेला जावं लागलं आणि परत येताना टॅक्सीत बसून त्याने वाक्यं पाठ केली, असं सांगतात. प्रवेशाची सुरुवात अशी: येहुदी मेन्युइन व्हायोलिन वाजवणार, या बोलीवर प्रिव्हिनला बोलावलेलं आहे. मेन्युइन काही येत नाही. त्याच्या जागी पियानो वाजवणार एरिक. अर्नी गोडीगुलाबीने समजूत घालतो, प्रिव्हिन निघायच्या बेतात, पण शेवटी नाइलाजाने कबूल होतो. म्हणतो, ठीक आहे, मी माझी बॅटन (कंडक्टरची छडी) घेऊन येतो. अर्नी म्हणतो, हो, आणा ना.

इथे प्रिव्हिन क्षणभर थांबतो. "ती शिकागोला आहे."

हा क्षण पुन्हा पुन्हा पाहा. तीन शब्दांचं वाक्य, चेहऱ्यावर सुरकुती नाही, सूर एखाद्या सरकारी कारकुनाने 'साहेब जेवायला गेलेत' सांगावं तसा. प्रेक्षक फुटतात. आणि आता, फक्त या एका जागी, पाहुण्यावरून नजर काढून एरिककडे बघा. तो हवेत ठोसा मारतो, "जमला! आवडला मला हा!" म्हणतो. तालमीला पुरेसा न मिळालेला माणूस टायमिंग सांभाळेल का, ही धाकधूक एरिकला असणार. ती इथे निघून गेली, आणि गेलेली दिसते.

पुढे सगळा पाणउतारा. एरिक त्याला सतत 'मिस्टर प्रिव्ह्यू' म्हणतो. सुरुवातीचं वाद्यवृंदाचं वादन फार आखूड आहे, पियानोपर्यंत पोचायला वेळच मिळत नाही, वारभर लांब करता येईल का, असं कापडाच्या दुकानात विचारावं तसं विचारतो. पियानोच्या झाकणाआडून कंडक्टर दिसत नाही म्हणून ऐन वेळेला त्याला उडी मारायला लावतो. लंडन सिम्फनीचा प्रमुख कंडक्टर हुकमाबरहुकूम उडी मारतो, आणि मारताना हसत नाही. मग एरिक जे काही वाजवतो त्याचा ग्रिगशी संबंध नसतो. प्रिव्हिन म्हणतो, तुम्ही सगळे सूर चुकीचे वाजवताय. एरिक उठतो, शांतपणे त्याच्या कोटाची कॉलर धरतो आणि म्हणतो, मी सगळे सूर बरोबरच वाजवतोय, फक्त क्रम तोच असेल असं नाही.

हे वाक्य ब्रिटनमध्ये आजही म्हणीसारखं वापरतात. एरिक ते उत्तम म्हणतो, यात वाद नाही. पण ते सुरू असताना प्रिव्हिन काय करतो ते पाहिलंत? काहीच नाही. मान खाली नाही, ओठाचा कोपराही हलत नाही. समोरचा माणूस वेडा आहे की आपण, हे तो मनात ताडून बघतोय असं वाटतं. तो गालात हसला असता तर हेच वाक्य एक बरा विनोद म्हणून संपलं असतं.

हाच ढाचा त्यांनी साठीच्या दशकात, वेगळ्या लेखकांकडून, आधी केला होता. १९७१ मध्ये शब्दांवर पुन्हा मेहनत झाली हे खरं, पण फरक पडला तो खरा कंडक्टर समोर उभा राहिल्यामुळे.

तिसरी पायरी: ज्या बाया हसत नाहीत त्या पाहा

त्याच नाताळच्या भागात शर्ली बॅसी गाते. गळ्याबद्दल प्रश्नच नाही, पोशाख झगमगीत, पायऱ्यांचा सेट. मध्येच तिची टाच सेटमध्ये अडकते. एरिक आणि अर्नी रंगमंचावरच्या कामगारांच्या वेषात मदतीला धावतात आणि तिच्या नाजूक बुटाच्या जागी लष्करी थाटाचा एक बोजड बूट तिच्या पायात चढवतात. ती गात राहते. सूर सुटत नाही, नजर प्रेक्षकांवरून हलत नाही, एका पायात उंच टाच आणि दुसऱ्यात तो धोंडा घेऊन ती डौलात लंगडत निघून जाते. इंग्रजी न कळणाऱ्यांना दाखवायला याइतका चांगला तुकडा नाही. मी माझ्या आईला दाखवला. डोळ्यांतलं पाणी पुसत तिने विचारलं, "पण पाय नाही ना मुरगळला बिचारीचा?"

ग्लेंडा जॅक्सनचा भाग जून १९७१ चा. त्याच वर्षी तिला ऑस्कर मिळालेलं, टीव्हीवर पहिल्या एलिझाबेथ राणीची तिची भूमिका गाजलेली. विनोदी नटी म्हणून तिला कुणी ओळखत नव्हतं. अर्नीच्या नाटकात ती क्लिओपात्रा होते आणि त्या चुकलेल्या व्याकरणाची वाक्यं राजघराण्यातल्या ठसक्यात म्हणते. एरिक येऊन सांगतो, उशीर झाला, वाळवंटाला पाणी घालत होतो, एकट्याला सोपं नाही ते. वाक्य थोडं चावट आहे, बालगोपाळांसमोर अर्थ सांगत बसू नका. जॅक्सन मात्र जागची हलत नाही.

ही नटी विनोद करू शकते हे दिग्दर्शक मेल्विन फ्रँकने हा भाग पाहून ताडलं. त्याने तिला विनोदी चित्रपटात घेतलं, आणि १९७३ च्या त्या चित्रपटासाठी तिला दुसरं ऑस्कर मिळालं. तेव्हा एरिक-अर्नीने तार केली: आमच्याबरोबर राहा, आणखी एक मिळवून देऊ. ही बाई पुढे १९९२ मध्ये ब्रिटिश संसदेत निवडून गेली आणि २०१५ पर्यंत खासदार होती. तिच्या संसदेतल्या भाषणांत राग पुष्कळ होता, पण चेहरा तोच, न हलणारा.

चौथी पायरी: तुकडे सोडा, पूर्ण भाग पाहा

यूट्यूबवरचे तुकडे पाहुणा आत येतो तिथे सुरू होतात आणि टाळ्या संपल्या की तुटतात. त्यात कार्यक्रमाची बिनमानाची मंडळी गळून पडतात. माझ्या मते नवख्यांची सगळ्यात मोठी चूक हीच.

आर्थर टॉल्चर हा माउथ ऑर्गन वाजवणारा. पोरवयात मुलांच्या एका फिरत्या ताफ्यात एरिक आणि अर्नीबरोबर काम केलेला जुना सोबती. त्याची भूमिका एवढीच: कार्यक्रम रंगात असताना कोट-टायमध्ये घाईघाईने यायचं, दोन-चार सूर वाजवायचे, आणि "आत्ता नको, आर्थर" ऐकून निघून जायचं. वर्षानुवर्षं. त्याचं वादन पूर्ण ऐकायला मिळत नाही, आणि हा त्याला मिळालेला मान आहे, अपमान नाही. एकदाच पाहिलंत तर यात काहीच नाही. पाच भागांनंतर तो विंगेत दिसायच्या आधीच तुम्ही हसायला लागाल.

जॅनेट वेब ही आणखी पुढची. भागभर तिचा पत्ता नसतो. अगदी शेवटी, दोघं प्रेक्षकांना नमस्कार करत असताना, ही अंगाने भरलेली बाई झगमगीत गाउन घालून मागून येते, दोघांना कोपराने बाजूला सारते आणि माझा हा छोटासा कार्यक्रम पाहिल्याबद्दल तुम्हा सर्वांचे आभार, असं मनापासून सांगते. माझा! घरच्या कार्यात कुठलंही काम न केलेली आत्याबाई फोटोच्या वेळी मधोमध उभी राहते, तशी. एरिक-अर्नीचे चेहरे त्या वेळी बघण्यासारखे असतात.

ॲन हॅमिल्टनकडे लक्ष जायला मला सर्वांत जास्त वेळ लागला. ती कितीतरी भागांत आहे: कुणाची बायको, कुणी दासी, कुणी शेजारीण. विनोद तिच्या वाट्याला जवळजवळ येत नाहीत. एरिक काहीतरी भलतं बोलणार असतो तेव्हा ती त्याला हवं ते वाक्य हव्या त्या गतीने देते आणि मागे सरकते. संगीतात साथीला बसणाऱ्याचं जे काम, तेच. मोठे पाहुणे एक दिवस येऊन टाळ्या घेऊन गेले. घर ॲन सांभाळत होती.

पीटर कुशिंग मात्र दोन्हीकडचा. भयपटांमुळे नावाजलेला हा सभ्य नट १९६९ मध्ये पाहुणा म्हणून आला, आणि त्यानंतर कितीतरी वर्षं अधूनमधून एकाच कारणासाठी येत राहिला: त्या दिवसाचे पैसे अजून मिळाले नाहीत. आवाज न चढवता, उधारी वसूल करायला आलेल्या सज्जन वाण्यासारखा. दुसऱ्याच पाहुण्याचा प्रवेश चालू असताना कुशिंग डोकावला की समजा, आता तुम्ही या घरचे झालात.

बहुतेक वेळा हजर नसतानाच थट्टेत येणारा पाहुणाही एक होता. गायक डेस ओ'कॉनरची एरिक सतत खिल्ली उडवायचा, त्याची रेकॉर्ड ऐकून माणूस मरेल इथपर्यंत. प्रत्यक्षात दोघं चांगले मित्र. एरिकला हृदयविकाराचा झटका आला तेव्हा डेसने आपल्या कार्यक्रमात प्रेक्षकांना त्याच्यासाठी प्रार्थना करायला सांगितलं. बरा झाल्यावर एरिक म्हणाला, त्या सहा-सात माणसांनी फार मदत केली हं.

पाचवी पायरी: वृत्तनिवेदकांसाठी थोडी तयारी

१९७६ आणि १९७७ चे नाताळचे भाग ब्रिटनमध्ये फार लाडके आहेत, पण आपल्याला ते आपोआप कळत नाहीत. अँजेला रिपन बीबीसीच्या रात्री नऊच्या बातम्या द्यायची. लोकांनी तिला कमरेच्या वरच पाहिलेलं, टेबलामागे, गंभीर. १९७६ च्या भागात ती तशीच बातम्या वाचत बसलेली असते, मग टेबल दुभंगतं आणि ती पाय उंच फेकत नाचत बाहेर येते. तिने लहानपणी बॅले शिकलेलं होतं, त्यामुळे तो नाच खरा आहे. सह्याद्रीवर सातच्या बातम्या देणाऱ्या बाईंनी मध्येच उठून पदर खोचला असता तर आपल्या घरात काय झालं असतं, तेवढं मनात आणा आणि मग पाहा.

१९७७ मध्ये याचा पुढचा डाव: निवेदकांचा अख्खा ताफा खलाशांच्या वेषात कोलांट्या मारताना दिसतो. कोलांट्या अर्थातच दुसऱ्यांच्या, जोडणी संकलनाची. मला स्वतःला त्याच भागातली पेनेलोपी कीथ जास्त आवडते. भरजरी वेषात ती भव्य जिना उतरू लागते आणि जिना अर्ध्यावरच संपतो. सुताराचं काम उरलेलं. उच्चभ्रू बाईची भूमिका करून घराघरांत पोचलेली ही नटी मग तो खानदानी चेहरा जराही न सोडता सांगाड्यावरून खाली उतरते. एल्टन जॉनही आहे, त्याला इमारतीत स्टुडिओच सापडत नाही.

या भागाला २ कोटी ८० लाख प्रेक्षक होते असं अजूनही लिहिलं जातं. ती बीबीसीची स्वतःची मोजणी. दुसऱ्या मोजणीत आकडा २ कोटी १० लाखांच्या थोडा वर येतो. कमी धरला तरी तो प्रचंडच आहे.

सहावी पायरी: आता मागे जा, मग हवं तर पुढे

सवय झाली की १९६३ च्या डिसेंबरात चित्रित झालेला बीटल्सचा प्रवेश शोधा. तो बीबीसीचा नाही, त्याआधीच्या एटीव्हीवरच्या मालिकेतला आहे आणि १९६४ च्या एप्रिलमध्ये दाखवला गेला. एरिक रिंगोला 'बाँगो' म्हणतो. नावाची मोडतोड तेव्हापासूनची. पण इथे पाहुणे मुकाट्याने सहन करणारे नाहीत. अर्नी विचारतो, प्रसिद्ध झाल्यावर कसं वाटतं? जॉन लेनन म्हणतो, तुमच्या वेळी होतं तसं नाही आता, माझे वडील तुमच्याबद्दल सांगायचे. आणि हाताने वडिलांची उंची दाखवतो, टेबलाएवढी. इथे पाहुणाच फिरकी घेतो, आणि चेहरा थंड ठेवायची पाळी अर्नीवर येते. तोही तुमचे वडील बुटके दिसतात म्हणून परतफेड करतो. प्रिव्हिनआधी हे पाहिलं असतं तर मजेशीर वाटलं असतं. नंतर पाहिलंत तर कोण कुणाची जागा घेतंय ते दिसेल.

१९७८ मध्ये दोघं थेम्स टेलिव्हिजनकडे गेले. त्या वर्षीच्या नाताळला माजी पंतप्रधान हॅरल्ड विल्सन पाहुणा होता. कुतूहल म्हणून पाहा, पण अपेक्षा बेताची ठेवा. ब्रेबन सुरुवातीला सोबत नव्हता, आणि राजकारणी माणसाला आपली थट्टा होतेय हे कळल्याचं प्रेक्षकांना दाखवल्याशिवाय राहवत नाही. प्रिव्हिनने ते एकदाही दाखवलं नाही. त्याची आयुष्यभराची कारकीर्द, ऑस्कर, ग्रॅमी सगळं एका बाजूला. लंडनमधले टॅक्सीवाले पुढे कितीतरी वर्षं त्याला बसवून घेताना विचारत, "कुठे सोडू, मिस्टर प्रिव्ह्यू?"